कंपनीनं विचारलंय 'गावाला काय हवं ते कळवा', काय मागावं?

पारनेरचा_पाव्हणा

रामराम मंडळी. सुपा एमआयडीसीजवळचं गाव आमचं, नाव सांगत नाही कारण गावातलेच चारपाच जण इथं गुपचूप वाचत असतात. यंदा पहिल्यांदा ग्रामपंचायतीत निवडून आलोय. परवा एका मोठ्या कंपनीच्या एचआरकडून पत्र आलं की सीएसआरमधून (कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च) गावासाठी काय करता येईल ते लेखी कळवा. झालं, मासिक सभेत जो तो सुटला ना. एकाला स्वागत कमान पाहिजे, एकाला देवळापुढं हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे), एकाला यात्रेचा मंडप, आणि सरपंचांचं म्हणणं ओपन जिम, कारण शेजारच्या गावात आहे (तिथं सध्या वाळवणं घालतात हा भाग वेगळा).

आमच्या गावातले चाळीसेक जण त्या कंपनीत परमनंट आहेत आणि कंत्राटी किती ते कोणी मोजलेलंच नाही. मला वाटतंय एकदाच संधी मिळतीय तर असं काहीतरी मागावं जे पाच वर्षांनी पण चालू असेल. तुमच्याकडं कंपनीनं किंवा कामगारांनी काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय बोंबललं, खरं खरं सांगा.

सीएसआरवाला_दादा

मी याच खात्यात काम करतो, दुसऱ्या कंपनीत. आधी नियम समजून घ्या म्हणजे पत्र फुकट जाणार नाही. कंपनी कायदा 2013 चं कलम 135, लागू 1 एप्रिल 2014 पासून. आदल्या वर्षी नेटवर्थ (देणी वजा जाता कंपनीची मालमत्ता) 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावाच लागतो. म्हणजे एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडवाल्याकडं जाऊन 'तुमचं सीएसआर द्या' म्हणू नका, बारक्या व्हेंडर लोकांना तो कायदाच लागू नाही, ते बिचारे स्वतःच्या खिशातून देतात.

आता तुमची यादी. यात्रेचा मंडप, स्पर्धेचं बक्षीस, बॅनर असले एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरत नाहीत. कमान कुठल्या शीर्षकाखाली बसवायची हे मलाही सुचत नाहीये. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं काम पण धरत नाहीत, म्हणजे कामगारांच्या कॉलनीपुरता रस्ता मागितलात तर अडेल. शाळा, पाणी, आरोग्य, स्वच्छता, कौशल्य शिक्षण हे सगळं चालतं, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायद्यातच आहे, तेव्हा भीक मागतोय असं वाटून घेऊ नका. बोर्डानं मंजूर केलेले प्रकल्प कंपनीला वेबसाईटवर टाकावे लागतात, पत्र लिहायच्या आधी ते बघा, मागच्या वर्षी कुठं काय दिलं ते कळतं.

आणि वेळ साधा. वर्षाचा आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत कागद आत गेलेला बरा. माझ्या टेबलावर जे अर्ज येतात त्यातल्या निम्म्यांत 'सहकार्य करावे ही नम्र विनंती' याच्या पलीकडं काही नसतं. किती कुटुंबं, जागा कुणाच्या नावावर, नंतर चालवणार कोण, एवढं लिहा, मी असा अर्ज आला की चहा सोडून वाचतो.

झेडपीच्या_बाई

दादा म्हणतात ते 'नंतर चालवणार कोण' हे ठळक अक्षरात लिहा. मी चाकण भागातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे. आम्हाला एका कंपनीनं पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट दिला, बारा कॉम्प्युटर दिले, फीत कापली, फोटो काढले, मुलांना बिस्किटं. आरओची कार्ट्रिज वर्षाच्या आत बसली, नवीनचा खर्च कुणी द्यायचा यावर सहा महिने पत्रव्यवहार झाला आणि मुलं परत हापशावर. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप, कारण लाइट बिल थकलं, शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून ते भरलं. मी कंपनीला शिव्या घालत नाहीये, त्यांनी चांगल्या मनानं दिलं, पण देखभालीचे पैसे कुणाच्या डोक्यातच नव्हते.

टिकलं काय ते पण सांगते. इकडं एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते आणि शाळा तर गुरुवारी चालू. तर गावातली दोन मुलं, दोघं मेंटेनन्सला आहेत, आमचेच माजी विद्यार्थी, एका गुरुवारी सहज आली आणि वायरिंग बघून घाबरली. तिथून सुरू झालं. आता महिन्यातून एका गुरुवारी चार-पाच जण येतात, पंखे, नळ, मोटर, दारांचे कडीकोयंडे सगळं तेच बघतात. टूलरूमवाल्या एकानं भंगारातून पुली आणि गिअरचं एक मॉडेल बनवून दिलंय (भंगार रीतसर गेटपास करून आणलं हो), मुलांना साधी यंत्रं शिकवायला मी तेच वापरते. आरओ पण त्यांनीच सुरू केला शेवटी, कार्ट्रिजचे पैसे शाळा व्यवस्थापन समिती देते. यात कंपनीचा रुपया नाही, पण मुलं कंपनीचा शर्ट घालून येतात आणि आमच्या पोरांना वाटतं कंपनीच आली.

निवृत्त_फिटर

बाई, वाचून बरं वाटलं. मी चौतीस वर्षं पिंपरीत काढली, युनियनमध्ये होतो. सीएसआर हा शब्द आमच्या वेळी नव्हता पण काम होतं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. आमच्या युनियननं ठराव केला, प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार, आणि मॅनेजमेंट म्हणालं तुम्ही जितके जमवाल तितकेच आम्ही घालतो. मग बघा काय ईर्षा लागली, काहींनी दोन दिवसांचा लिहून दिला, का तर मालकाचे पण जास्त निघावेत.

ट्रकबरोबर आम्ही सतरा जण गेलो. सोबत कपड्यांची गाठोडी होती आणि तिथं पोचल्यावर दिसलं की जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेत, कोणी हात लावीना. एक म्हातारी म्हणाली, बाबा, साडी नको, घमेलं आणि पहार दे, माझी भांडी आत हायेत. दुसऱ्या खेपेला आम्ही पत्रे, घमेली, पहारी, दोरखंड आणि दोन वेल्डर नेले. तेव्हापासून मी कुठंही मदत म्हटली की आधी माणूस पाठवून विचारा म्हणतो. पाव्हण्या, तुझ्या सभेत बायका किती होत्या? पाणी त्या भरतात, त्यांना विचारलं का?

जुन्या लोकांची रीत वेगळी होती हे पण खरं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, आणि कारखान्याबरोबर वसाहत उभी केली. प्रवरेला 1950 ला सहकारी साखर कारखाना झाला तिथं मालकच शेतकरी, मागनं शाळा-कॉलेजं आली. तिथं गाव आणि कारखाना वेगळा काढताच येत नाही. आताच्या कंपनीचा मॅनेजर तीन वर्षांत बदलून जातो, त्याच्या भरवशावर काही ठेवू नका.

लाईन_नंबर_चार

सगळे परमनंटवाले बोलतायत म्हणून मी पण लिहितो. मी परळीकडचा, सहा वर्षं झाली रांजणगावला कॉन्ट्रॅक्टरकडं, दर सात महिन्याला ब्रेक, म्हणजे काढतात आणि परत घेतात. रक्तदान शिबिराला आम्हाला बोलावतात, रक्त चालतं, पण झाडं लावायच्या फोटोत टी-शर्ट फक्त परमनंटला. बरं ते जाऊद्या.

पाव्हणे तुमच्या गावात पण आमच्यासारखे खोल्या घेऊन राहात असतील, एका खोलीत पाच पाच, भाडं गावालाच मिळतं ना, किराणा पण गावातच. पण गावाला काय हवं विचारलं की आम्ही मोजण्यात नसतो. देवळापुढं हायमास्ट कशाला, तिथं आधीच उजेड आहे. कंपनीच्या गेटपासून गावापर्यंत जो रस्ता आहे ना तिथं लाइट मागा. थंडीत जनरल शिफ्टला ओव्हरटाईम लागला की पोरी मोबाईलची बॅटरी लावून घोळक्यानं चालत येतात, मी रोज बघतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तर कुत्री आणि आम्हीच. दुसरं म्हणजे दवाखाना, ओपीडी चालू असते तेव्हा आम्ही लाईनवर आणि सुटलो की बंद, मग प्रायव्हेटला जाऊन दिवसाचा पगार घालवायचा. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी डॉक्टर बसवला तर गावाचे पण म्हातारे येतील.

सीएसआरवाला_दादा

लाईन नंबर चार, तुमचा मुद्दा मी माझ्या कंपनीत नेतोय. संध्याकाळचा दवाखाना आरोग्यात सरळ बसतो, आणि लाइटपण मांडता येतील पण पोल कुणाच्या हद्दीत ते आधी बघा, एमआयडीसीच्या की ग्रामपंचायतीच्या. सोलर घेतलेत तर बॅटरीचं काय ते करारात लिहा. आणखी एक, सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, ती लाभार्थ्यांच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या ताब्यात जाते, म्हणजे बिघडली की तुमचीच. म्हणून तीन वर्षांची देखभाल पहिल्याच अंदाजपत्रकात मागा, नंतर कोणी देत नाही, मी पण देत नाही.

पारनेरचा_पाव्हणा

सगळ्यांचे आभार. निवृत्त काका, सभेत बायका दोनच होत्या आणि त्या शेवटी बसलेल्या, चूक माझी पण आहे. काल महिलांची वेगळी बैठक घेतली. कमान एकीनंही काढली नाही. पहिलं नाव निघालं पाझर तलावाचं, बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खोदलेला, आता निम्मा गाळानं भरलाय, माझ्या आजीनं तिथं पाटी उचललेली. पोकलेन आणि डिझेल कंपनीनं द्यायचं, गाळ ज्यानं त्यानं आपल्या ट्रॅक्टरनं शेतात न्यायचा असं ठरतंय. राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यात आणि आम्ही श्रमदान म्हटलं की इकडंतिकडं बघतो, असं एक वहिनी तोंडावर म्हणाल्या.

रस्त्याच्या लाइटचं पण घेतलंय, काल रात्री साडेअकराला मुद्दाम गेटपर्यंत चालत जाऊन आलो. बाई, तुमच्या त्या गुरुवारच्या मुलांसारखी टोळी इथं जमते का बघतोय, चाळीसपैकी सहा जण हो म्हणालेत, एक जण म्हणाला आधी घरचा पंखा दुरुस्त करू दे.

सरपंच जिमवरच अडलेत. कोणाकडं देखभाल कराराचा मराठीतला नमुना असेल तर टाका, सोमवारी पत्र द्यायचंय.