ॲबट्सफोर्ड कनक्स नेमकी किती जुनी? २०२१, २००९ की १९३६?

गंगावेशकर:
राम राम मंडळी. क्विझसाठी गाव बदललेल्या आइस हॉकी संघांचा तक्ता करायला घेतलाय, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या खालच्या एएचएल लीगमधल्या. सुरुवात कॅनडातल्या ॲबट्सफोर्ड कनक्सपासून केली, कारण २०२५ चा कॉल्डर कप, म्हणजे एएचएलचा विजेतेपदाचा चषक, त्यांचा आणि त्या संघात तिथल्याच सरे गावचा अर्शदीप बैन्स, म्हणजे आपल्या पोरांना निदान एक नाव ओळखीचं वाटेल. पण पहिल्याच ओळीला अडकलो. एका ठिकाणी संघाची सुरुवात २०२१ दिलीय. दुसरीकडं त्याच गावात, त्याच स्टेडियमवर २००९ ते २०१४ 'ॲबट्सफोर्ड हीट' खेळताना दिसते. तिसरीकडं मूळ थेट १९३६ च्या स्प्रिंगफील्डला नेलंय. तिन्ही एकच का? रेष कुठून कुठं ओढायची? आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलात हा घोळच नाही, पाटाकडील काय नि दिलबहार काय, तालीम जागची हलत नाही.

बिंदूचौक:
भावा, तारखा तिन्ही बरोबर आहेत, पण तीन वेगळ्या गोष्टींच्या आहेत.

एएचएलचा संघ म्हणजे आपल्या तालमीसारखी एकजीव वस्तू नव्हे. लीगमधली जागा, म्हणजे फ्रँचायझी, ही एक मालमत्ता; ती विकली जाते, दुसऱ्या गावाला नेली जाते. संघाचं नाव ही दुसरी, ते बऱ्याचदा मागं गावातच राहतं. आणि वरचा एनएचएल संघ, ज्याची पोरं इथं तयार होतात, ही तिसरी. बहुतेक खेळाडूंचे करार वरच्या संघाशी असतात, त्यामुळं वरचा संघ निघाला की पोरंही त्याच्याबरोबर निघतात. तक्त्यात या तिन्ही गोष्टी एकाच रेषेत कोंबल्या की गाडी अडकते.

फक्त फ्रँचायझीची रेष धरली तर अशी जाते: स्प्रिंगफील्ड इंडियन्स, १९९४ ला वूस्टर आइसकॅट्स, २००५ ला पिओरिया रिव्हरमेन, २०१३ ला युटिका कॉमेट्स, २०२१ ला ॲबट्सफोर्ड कनक्स. २०१३ साली एनएचएलच्या व्हँकुव्हर कनक्सनी ही जागा एनएचएलच्याच सेंट लुईस ब्लूजकडून विकत घेतली आणि पिओरियाहून युटिकाला नेली. युटिका न्यूयॉर्क राज्यात, व्हँकुव्हरपासून जवळजवळ ४,००० किलोमीटर. वरचा एखादा खेळाडू जायबंदी झाला की बदली पोरगा अख्खा खंड ओलांडून, वर सरहद्द पार करून आणायचा. करोनात सरहद्दीवर विलगीकरण आलं तेव्हा हे फारच अंगाशी आलं. ॲबट्सफोर्ड व्हँकुव्हरपासून ७० किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर–कराड समज.

पंचगंगाकाठ:
'हीट'चा आणि कनक्सचा काडीचा संबंध नाही. एकच बर्फ, एकच खुर्च्या, बाकी सगळं वेगळं. हीट ही कॅल्गरी फ्लेम्सची पोरं. तिची रेष: १९९३ सेंट जॉन, २००३ ते २००५ जागा निद्रिस्त, म्हणजे कागदावर आहे पण संघ नाही, मग २००५ ओमाहा, २००७ क्वाड सिटी, २००९ ॲबट्सफोर्ड, २०१४ ग्लेन्स फॉल्स, २०१५ स्टॉकटन, २०२२ कॅल्गरी रँगलर्स. ग्लेन्स फॉल्सला 'ॲडिरॉन्डॅक फ्लेम्स' म्हणून जेमतेम एक मोसम. क्विझला द्यायची असेल तर हीच साखळी दे, रंजक आहे.

ॲबट्सफोर्डला हीट का टिकली नाही हे समजून घेण्यासारखं आहे. २००९ ला साधारण ७,००० खुर्च्यांचं नवं स्टेडियम उभं राहिलं, त्यात खेळायला कुणीतरी हवं होतं. शहराने १० वर्षांचा करार केला आणि तोटा आला तर भरून देऊ अशी हमी दिली. आता ॲबट्सफोर्डचा माणूस जन्माने व्हँकुव्हरवाला. त्याच्या दारात आणून बसवली कुणाची पोरं, तर कट्टर वैऱ्याची, कॅल्गरीची. शिवाय लीगमधले बाकीचे संघ बहुतेक पूर्वेकडं आणि मधल्या पट्ट्यात. शेजारचा विरोधी संघच नाही, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक संघाला विमानच. दरवर्षी हमीचे पैसे जायला लागले. शेवटी २०१४ ला शहराने ५५ लाख कॅनेडियन डॉलर मोजून करार मोडला.

पुढच्याच वर्षी चित्र पालटलं. २०१५ ला एएचएलचे पाच संघ एका दमात कॅलिफोर्नियात हलले: बेकर्सफील्ड, ऑन्टारियो, सॅन डिएगो, सॅन होजे, स्टॉकटन. पश्चिमेला स्वतंत्र गट झाला. त्यामुळं २०२१ ला त्याच स्टेडियमवर संघ आला तेव्हा नाव घरचं होतं आणि प्रतिस्पर्धीही त्याच किनाऱ्यावर होते. हीट पाच वर्षं लवकर आली एवढंच म्हणून लोक सोडून देतात, पण वैऱ्याचा झेंडा ही अर्धी गोष्ट होती.

शिये_फाटा:
तक्ता करताना कुठं पाय घसरतो ते सांगतो.

ओळ गावाची नको, मोसमाची कर. मोसम ऑक्टोबरात सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतो. नुसतं '२०१३' लिहिलंस तर पिओरियाचा शेवट नि युटिकाची सुरुवात एकाच आकड्यात येते. २०१२-१३ आणि २०१३-१४ असं लिही. रकाने सात: मोसम, गाव, नाव, लीग, वरचा संघ, फ्रँचायझीचा मालक, स्टेडियम. फ्रँचायझीची रेष सलग, नावाची तुटक. निद्रिस्त मोसमांनाही रिकामी ओळ ठेव, नाहीतर कॅल्गरीवाली जागा २००३ ला सेंट जॉनहून उडून थेट ओमाहाला पोचल्यासारखी दिसते.

नावाचे सापळे लई आहेत. 'पिओरिया रिव्हरमेन' हे एकच नाव चार लीगमध्ये खेळलंय: आयएचएल, ईसीएचएल, एएचएल, आणि २०१३ ला एएचएलवाली जागा गेल्यावर एसपीएचएल. 'युटिका कॉमेट्स' दोन आहेत. २०२१ ला व्हँकुव्हर निघालं तसं न्यू जर्सीने आपली बिंगहॅम्टनची जागा तिथं आणली आणि नाव कॉमेट्सच ठेवलं. २०२१-२२ च्या सुरुवातीला कॉमेट्सनी सलग १३ सामने जिंकून लीगचा विक्रम केला, तो या नव्या कॉमेट्सचा. तो ॲबट्सफोर्डच्या रेषेत टाकलास तर क्विझमध्ये कुणीतरी उठून उभं राहणार. 'सेंट जॉन्स आइसकॅप्स'चंही तेच: २०११ ते २०१५ विनिपेगची जागा, पुढं दोन वर्षं माँट्रियालची, जी हॅमिल्टनहून आली आणि २०१७ ला लाव्हालला गेली.

आणि देवनागरीत लिहिताना खास आपला सापळा. सेंट जॉन हे न्यू ब्रन्सविकमधलं, सेंट जॉन्स हे न्यूफाउंडलंडमधलं. दोन गावं, दोन प्रांत. १९९३ ते २००३ दोन्हीकडं एएचएलचे संघ एकाच वेळी होते, सेंट जॉनला फ्लेम्स आणि सेंट जॉन्सला मेपल लीफ्स. शेवटचा 'स' गळला की संघच बदलतो.

गंगावेशकर:
आत्ता डोक्यात शिरलं. मग चषकांचं काय करू? स्प्रिंगफील्डचे सात कॉल्डर कप दिसतायत: १९६०, ६१, ६२, ७१, ७५, ९०, ९१. ॲबट्सफोर्डच्या नावापुढं आठ लिहू का एक?

बिंदूचौक:
एक. फ्रँचायझी कागदावर सलग आहे म्हणून स्प्रिंगफील्डच्या माणसाचा चषक ॲबट्सफोर्डला जात नाही. उद्या पाटाकडीलचं नाव पुसून टीम पुण्याला नेली, तर शाहू स्टेडियमवर जिंकलेले चषक पुणेकर मिरवणार का? मिरवू तर देत.

पंचगंगाकाठ:
मला हे इतकं सरळ वाटत नाही. नाव नि गाव दोन्ही बदललं तर मान्य. पण १९७१ चा चषक 'स्प्रिंगफील्ड किंग्ज' नावाने आहे, गाव तेच, जागा तीच. तो कुठं टाकणार? म्हणून दोन रकाने कर, 'या नावाने' आणि 'या जागेने'. ॲबट्सफोर्डपुढं १ आणि ८. प्रश्न विचारताना कुठला रकाना ते बोलून टाक, भांडण संपलं.

जाता जाता क्विझला अजून एक देतो. २०२५ च्या प्लेऑफमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान गोलरक्षक आर्तुर्स शिलोव्सला मिळाला. त्या ट्रॉफीवर नाव जॅक बटरफील्ड यांचं. हे स्प्रिंगफील्डचे मालक एडी शोर यांचे भाचे. त्यांनी इंडियन्सचा कारभार पाहिला आणि १९६६ ते १९९४ लीगचं अध्यक्षपद सांभाळलं. म्हणजे जागेच्या पहिल्या गावातल्या माणसाच्या नावाची ट्रॉफी शेवटच्या गावातल्या पोरानं उचलली.

गंगावेशकर:
हे शेवटच्या फेरीला ठेवतो. स्प्रिंगफील्डची ओळ १९३६-३७ ते १९९३-९४ सलग धरली, चालेल ना?

शिये_फाटा:
नाही चालणार, तीन ठिकाणी तोड. १९४२ ते ४६ महायुद्धात सैन्याने स्टेडियम ताब्यात घेतलं, जागा बंद. १९५१ ते ५४ हीच जागा सिरॅक्यूजला 'वॉरियर्स' म्हणून होती. १९६७ पासून नाव किंग्ज, आणि ते परत इंडियन्स झालं ते १९७४-७५ च्या भर मोसमात. त्या मोसमाला दोन अर्ध्या ओळी दे, चषक खालच्या ओळीत. आणि १९९४ नंतर स्प्रिंगफील्डला जे फाल्कन्स दिसतील ती वेगळी, नवी जागा. ती २०१६ ला टूसॉनला गेली. तिला या रेषेत घेऊ नको.