कार्बन ट्रिम कशाने चिकटवावी? टाकी, शेपटी, हगर, सायलेन्सर गार्ड

रिकामी_टाकी
बाइकवर लावायचे चारही शोभेचे तुकडे खऱ्या कार्बन फायबरचे आहेत. एक रंगवलेल्या पत्र्याच्या टाकीवर बसवायचा आहे, एक शेपटीच्या एबीएस प्लॅस्टिकच्या पॅनलवर (३० सेंमी लांब पट्टी), एक हगरवर (मागच्या चाकालगतचं मडगार्ड), आणि चौथं सायलेन्सरचं गार्ड. भोकं पाडायची नाहीत. दोन भागांचं इपॉक्सी हाताशी आहे, तेच सगळीकडे चालेल का? पुढेमागे काढायची वेळ आली तर रंग जाऊ नये.

मोजपट्टी
शेपटीवर इपॉक्सी नको. ताकद भरपूर आहे, पण ते लवत नाही. एबीएस तापलं की वाढतं, कार्बन जवळजवळ जागचा हलत नाही. ३० सेंमी लांबी आणि तापमानात ५० अंशांचा फरक धरला तर एबीएस साधारण १.२ मिमी वाढतं, म्हणजे प्रत्येक टोकाला ०.६. कडक इपॉक्सी हा ताण रोज खातं आणि शेवटी टोकाकडून तडकतं, नाहीतर रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन निघतं.

अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप घ्या. थ्री एम व्हीएचबी ५९५२, काळी, १.१ मिमी जाड. जाडीच्या तिपटीपर्यंत सरकणं ती सोसते. नियम असा की दर किलोला ५५ चौ. सेंमी टेप. १०० ग्रॅमच्या तुकड्याला साडेपाच चौ. सेंमी पुरते, तेव्हा वजनाची चिंता सोडा. तुकडा सुटतो तो कडेवरून सोलत. म्हणून टेप कडेपासून ३ ते ५ मिमीपर्यंत न्या, पण चौकोन पूर्ण बंद करू नका. खालच्या बाजूला फट ठेवा, नाहीतर आत पाणी साचेल.

सिलिकॉनप्रेमी
सिलिकॉन का नको? लवचीक आहे, उष्णताही सोसतं.

रेझिनवाला
व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या धातूला गंजवतं. शिवाय त्याचा अंश राहिला तर पुढे त्या जागी ना रंग धरतो ना टेप. सुपरग्लू तर नकोच: थरथरीने तडकतो आणि त्याची पांढरी वाफ काळ्या कार्बनवर ठळक दिसते.

टेप निघाली की लोक टेपला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा साच्यातून आलेल्या मेणाचा असतो. तुकड्याची आतली बाजू आधी डिग्रीझरने पुसा, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा (मास्क लावून, कार्बनची धूळ वाईट), शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे. हा क्रम उलटा केलात तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. टाकीवर पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर टेपेखालचा भाग तेवढा मोकळा करावा लागेल. साफ झालं की नाही ते पाण्याने कळतं: पाणी सपाट पसरलं तर ठीक, थेंब बनले तर पुन्हा पुसा.

आधी कोरडा बसवून बघा. दाबल्याशिवाय टेकत नसेल तर तो तुकडा टेपेवर कायम उसळत राहील. तिथे २-३ मिमी थराचा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट बरा, फक्त तो मग सहज निघणार नाही. जागा मास्किंग टेपने आखून घ्या, कारण व्हीएचबी एकदा टेकली की सरकवता येत नाही. पृष्ठभाग १० अंशांपेक्षा थंड नको. बोटाने नाही, रोलरने जोर देऊन दाबा. पूर्ण पकडीला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका.

मोजपट्टी
सायलेन्सरचं गार्ड चिकटवू नका. ही टेप सतत ९० अंशांच्या आसपासच टिकते आणि साधं इपॉक्सी त्याहून आधी मऊ पडतं. स्टेनलेसची पट्टा-क्लिप लावा, मध्ये उष्णता सोसणारे वॉशर घालून हवेची फट सोडा.

रिकामी_टाकी
हगरच्या आत "पीपी" कोरलंय. तिथेही तीच टेप?

रेझिनवाला
पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक, त्यावर नुसती टेप धरत नाही. थ्री एमच्या प्रायमर ९४ चा (टेपेची पकड वाढवणारं द्रव) पातळ हात द्या, सुकू द्या, मगच टेप. आणि पुढे काढायचं झालं तर हेअर ड्रायरने कोमट करा, मासेमारीची दोरी टेपेतून करवतीसारखी ओढा. उरलेला फोम अंगठ्याने गोळा करत काढा. टोकाला पाना घालून उचकटलंत तर आधी कार्बन चिरेल.