मदत हवी आहे: कमरेखाली ताकद नाही, हाताने चालवायची कार. एएमटी चालेल का? किट कुठलं आणि आरटीओत आधी काय?

कोयनाकाठ
भावासाठी विचारते आहे. मणक्याची दुखापत (टी १०, म्हणजे पाठीचा दहावा मणका), कमरेखाली ताकद नाही. हात, खांदे, पकड उत्तम. व्हीलचेअरवरून पलंगावर स्वतः जातो. पायांना मधूनमधून स्पॅझम (आपोआप येणारे झटके) येतात. दुखापतीआधीचं एलएमव्ही (हलक्या मोटारीचं) लायसन्स आहे. कराड-सातारा नेहमी जावं लागेल. जुनी एएमटी (क्लच-गिअर यंत्रच बदलतं अशी) हॅचबॅक स्वस्तात मिळते आहे, नवी सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) बजेटच्या जरा वर जाते. इथला गॅरेजवाला म्हणतो, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला रॉड वेल्ड करून देतो, चार हजारांत काम होईल. करावं का?

क्लचप्लेट
ताई, वेल्डिंग अजिबात नको. पेडलचा दांडा वेल्ड केला की जोडाच्या कडेला धातू कमकुवत होतो आणि भेग नेमकी जोरात ब्रेक मारताना पडते. शिवाय भविष्यात किट काढायचं म्हटलं तर अख्खं पेडल बदलावं लागेल. चांगलं किट (पेडलं हाताने चालवायचा लिव्हर आणि रॉड) पेडलच्या दांड्याला क्लॅम्पने बसतं आणि वरचा ब्रॅकेट स्टिअरिंग कॉलमखालच्या मूळ बोल्टांवर येतो. घेताना चाचणी संस्थेचं (आपल्याकडे पुण्याची एआरएआय) प्रमाणपत्र मागा, कॅटलॉगमधलं चित्र नव्हे.

रचना अशी बघा: ब्रेक म्हणजे लिव्हर पुढे ढकलणे, वेग म्हणजे तोच लिव्हर खाली दाबणे किंवा मूठ पिळणे. याला कारण आहे. अचानक ब्रेक लागला की अंग पुढे जातं. पुढे ढकलण्यावर ब्रेक असेल तर अंगाचा भार ब्रेकच वाढवतो. पुढे ढकलण्यावर अ‍ॅक्सिलरेटर ठेवलेली जुगाड किटं पाहायला मिळतात, त्यांपासून लांब राहा.

ताबा घेण्याआधी गॅरेजमध्येच हे तपासून घ्या. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (ब्रेकला जोर देणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपेल. मग पूर्ण ताकदीने ढकला. लिव्हर डॅशबोर्डला किंवा मांडीला टेकण्याआधी पेडल घट्ट झालं पाहिजे. आधीच टेकला तर रॉडची लांबी चुकली आहे. दुसरं, लिव्हर सोडल्यावर मागच्या ब्रेकलाइट विझतात का, कुणाला तरी मागे उभं करून बघा. रॉड किंचित लांब असला तर पेडल दबलेलंच राहतं, पॅड घासत राहतात, तापतात आणि घाटात ब्रेक मऊ पडतो. हा दोष सर्रास सापडतो आणि आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसरं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा, रॉड कुठे अडकतो का ते कळेल. कॉलमचं टिल्ट एकदा ठरवलं की पुन्हा हलवायचं नाही.

नट नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) हवेत. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळून घ्या.

घाटवळण
एएमटीबद्दल. चालेल, पण गाडीत हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर क्षणभर गाडी धरून ठेवणारी सोय) आहे का ते आधी विचारा. पायाने चालवणारा चढावर डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने वेग देऊ शकतो. इथे ब्रेक आणि वेग एकाच हातात, एकाच लिव्हरवर. ब्रेक सोडून वेग देईपर्यंत एएमटीचा क्लच पकडायला क्षणभर घेतो आणि गाडी मागे येते. हँडब्रेक लावून निघता येतं, पण मग एक हात हँडब्रेकवर, एक लिव्हरवर, स्टिअरिंगला कोण? म्हणून हिल होल्ड नसलेली एएमटी मी तरी सुचवणार नाही. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारी ऑटोमॅटिक) बरी. इलेक्ट्रिक परवडत असेल तर सर्वांत उत्तम, कारण रीजनरेशनमुळे (वेग सोडला की मोटरच गाडी मंदावते) ब्रेक ढकलायची वेळच कमी येते आणि खांद्यांना आराम मिळतो.

लिव्हर कुठल्या बाजूला? मारुती, ह्युंदाईत इंडिकेटर उजवीकडे असतो. म्हणून किट डावीकडे, स्टिअरिंगचा नॉब (एका हाताने स्टिअरिंग फिरवायची मूठ) उजव्या हाताला, घड्याळातल्या दोनच्या जागी. इंडिकेटर त्याच हाताच्या बोटांनी लागतो. स्कोडा, फोक्सवागनमध्ये इंडिकेटर डावीकडे, तिथे लिव्हर धरलेल्या हाताला तो गाठावा लागतो. बसून बघितल्याशिवाय ठरवू नका. चालकाच्या गुडघ्याजवळ एअरबॅग असलेलं मॉडेल मात्र यादीतूनच काढा, किट नेमकं त्याच्या वाटेत येतं.

फॉर्मवीस
कागदांचा क्रम बऱ्याच जणांचा चुकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दिव्यांगांच्या गाडीसाठीचं 'इनव्हॅलिड कॅरेज' हे नाव गेलं, 'अडॅप्टेड व्हेईकल' आलं. गाडी आणि लायसन्स या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक झाली म्हणजे दुसरी होत नाही.

गाडी: नवी असेल तर तात्पुरत्या नंबरवर किट बसवून मगच कायम नोंदणीला न्या, आरसीवर सुरुवातीपासून बरोबर लागेल. जुनी असेल तर परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर अल्टरेशनचा (गाडीतल्या बदलाचा) अर्ज, किटचं प्रमाणपत्र व बिल, विमा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी. मग इन्स्पेक्टर गाडी बघतो. बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवावं लागतं. मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' लिहून घ्या.

लायसन्स: जुनं एलएमव्ही असलं तरी अडॅप्टेड व्हेईकलचा वर्ग जोडून घ्यायचा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), फॉर्म १ए वैद्यकीय दाखला, आणि चाचणी त्याच बदललेल्या गाडीवर. सरावाला शेजारी लायसन्सधारक हवा आणि त्याला गाडी थांबवता यायला हवी. दोन सीटच्या मधला दांड्याचा हँडब्रेक इथे कामाला येतो.

दिव्यांगांच्या जीएसटी सवलतीच्या मागे आता धावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के आहे. सवलत मागायची ती विम्यात: आरसीवर नोंद असेल तर ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात मिळते, कोटेशनच्या वेळीच बोला. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलमाफीसाठी वेगळा एक्झेम्प्टेड फास्टॅग लागतो.

कोयनाकाठ
सर्वांचे आभार. वेल्डिंग बाद. दोन शंका: स्पॅझममध्ये पाय पेडलवर गेला तर? आणि हीच गाडी वहिनीही चालवणार आहे.

क्लचप्लेट
पेडल गार्ड घ्या. पेडलांपुढे उभी राहणारी पत्र्याची पाटी, खटक्यावर निघणारी. वहिनी चालवताना पाटी काढायची, लिव्हर तसाच राहू दे. पाटी आणि फरशी यांत बोटभरापेक्षा जास्त फट नको, नाहीतर बुटाचं टोक खालून सरकतं. चालकाकडचं सुटं मॅट काढूनच टाका, तेही दुमडून पेडलखाली जातं. पाय गुडघ्याजवळ रुंद वेल्क्रो पट्ट्याने एकत्र बांधले की बाजूला उडत नाहीत. पट्टा सीटला मात्र बांधू नका, अपघातात बाहेर काढताना अडतो. आणि सीटवर रोजची प्रेशर रिलीफ गादी ठेवायची असेल तर आरसे, नॉब, लिव्हर सगळं त्या गादीवर बसूनच लावून घ्या, उंची बदलली की ब्रेकचा हात आखूड पडतो.