टेनेसीचा चेक मोठा की बॉस्टनचा? कॉलेज खेळाडूंचा स्टायपेंड आणि रिक्रूटिंग

ऑरेंजवाला

परवा शेजाऱ्यांकडे बार्बेक्यू होता. (आम्ही नॉक्सव्हिलचे, म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या स्टेडियमचा गोंगाट पाचवीला पुजलेला.) त्यांचा भाचा 2016 मध्ये कॉलेज फुटबॉलला (अमेरिकन फुटबॉल) गेला होता. त्याचा विषय निघाला तशी मावशीने स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून एक पिवळट पाकीट काढलं. आत तीन कॉलेजांची स्कॉलरशिपची पत्रं. एका पत्राच्या पाठीवर मुलाच्या वडिलांनी बॉलपेनने तिन्ही कॉलेजांचे वरखर्चाचे आकडे मांडून प्रत्येकाला चारने गुणलं होतं आणि सगळ्यात मोठ्या गुणाकाराभोवती दोनदा गोल केला होता. मुलगा तिथेच गेला. कोच कोण, विषय कोणता, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे खेळाडूची 'फुल' स्कॉलरशिप म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. घरी जायचं तिकीट, फोन, कपडे, साबण यांना त्यात जागा नव्हती. जानेवारी 2015 मध्ये पाच बड्या कॉन्फरन्सनी (कॉलेजांच्या लीगनी) 79 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं की 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' (सीओए), म्हणजे हा वरखर्चही धरून कॉलेजात राहण्याचा सगळा खर्च द्यायला हरकत नाही. ऑगस्टपासून चेक सुरू झाले. विरोधातलं एकमेव मत बॉस्टन कॉलेजचं. त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी होती की हा आकडा कॉलेजागणिक वेगळा निघतो, म्हणजे रिक्रूटिंगमध्ये (खेळाडू आपल्याकडे ओढण्यात) काहींचं आयतंच फावणार.

तेच झालं. पहिल्या वर्षी टेनेसी 5,666 डॉलर, ऑबर्न 5,586. बॉस्टन कॉलेज 1,400 च्या आसपास आणि लॉस एंजेलिसचं यूएससी 1,580. बॉस्टनपेक्षा नॉक्सव्हिल महाग? मी इथे वीस वर्षं भाजी आणतोय, मला नका सांगू! चार वर्षांत हा फरक 17,000 डॉलरच्या वर जातो. सतरा-अठरा वर्षांच्या पोरासमोर एवढा आकडा ठेवला की बाकीचं सगळं झाकोळतं. माझं मत सरळ आहे. मदतीच्या नावाखाली बोली लावायची सोय झाली.

बाकावरचा मास्तर

साफ असहमत. त्या बापाने गुणाकार केला यात चूक काय? तुम्ही-आम्ही दोन ऑफर हातात आल्यावर दुसरं काय केलं होतं?

2013 ते 2015 मी एका मोठ्या विद्यापीठात (नाव नको) खेळाडूंच्या अभ्यासिकेत शिकवणी घ्यायचो. फुटबॉल संघातला एक साडेसहा फुटी लाइनमन स्टॅटिस्टिक्सला माझ्याकडे असायचा. रविवारी रात्री आठला यायचा तेव्हा त्यांची मेस बंद झालेली असे. पहिले दोन आठवडे तो बिस्किटांचा एकच पुडा पुरवून पुरवून खात होता. मग मी डब्यात दोन पोळ्या जास्त न्यायला लागलो. लोणच्यासकट खायचा. टीमचे कपडे टीम धुते, स्वतःचे मात्र मशीनमध्ये क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) टाकून धुवायचे. त्या क्वार्टरचीही त्याला मोजदाद करावी लागायची. शनिवारी त्याच पोराला बघायला स्टेडियम भरायचं.

एप्रिल 2014 मध्ये कनेटिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियरने अजिंक्यपदाच्या वेळीच सांगून टाकलं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्यानंतर कुठे जेवणावरची मर्यादा उठली. 1970 च्या दशकापर्यंत महिना 15 डॉलर 'धुलाई भत्ता' मिळायचा, तोही पुढे काढून घेतला होता. 2015 चा पहिला चेक आला तेव्हा आमच्या लाइनमनने आईच्या गाडीला चार टायर घेतले. ही तुमची बोली.

अजून एक. आकडे वेगवेगळे नकोत असं वाटत होतं ना? 2011 मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) सगळ्यांसाठी 2,000 डॉलरची एकच कमाल मर्यादा मंजूर केली होती. सव्वाशेहून जास्त कॉलेजांनी हरकत घेतली आणि दोन महिन्यांत ती गुंडाळली. तेव्हा ज्यांना 2,000 जड झाले, त्यांनी आता 5,666 बद्दल गळा काढू नये.

पांढरा रस्सा

आमच्या कोल्हापुरात तालमीतल्या पोराला कोणी खुराकाचे पैसे दिले तर त्याला कोणी बोली म्हणत नाही. दूध, बदाम, तूप काय आकाशातून पडतं का? (अवांतर झालं, क्षमस्व.)

खतावणी

मी एका सरकारी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसात बरीच वर्षं काढली. हा आकडा कसा निघतो ते सांगतो, म्हणजे निम्मं भांडण मिटेल. उरलेलं निम्मं वाढेल बहुतेक.

ऑरेंजवाले, बॉस्टनचं भाडं जास्त हे खरंच. पण भाडं आणि जेवण आधीच स्कॉलरशिपमध्ये आलं. चेक फक्त उरलेल्याचा: प्रवास आणि किरकोळ वैयक्तिक खर्च. शहर किती महाग याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. विद्यार्थी कुठून येतात, वर्षातून किती फेऱ्या घरी धरायच्या, परराज्यातल्याला वेगळा हिशेब लावायचा का, 'किरकोळ' मध्ये काय काय घालायचं, हे प्रत्येक ऑफिस केंद्राच्या चौकटीत आपापलं ठरवतं. चौकट बरीच ढिली आहे.

त्याला एक लगाम आहे, तो कोणी लक्षात घेत नाही. हा आकडा फक्त खेळाडूंचा नसतो, विद्यापीठातल्या सगळ्यांचा असतो. तो वाढवला की जाहिरातीतला एकूण खर्चही फुगतो आणि साध्या विद्यार्थ्याला आणखी कर्ज काढायची मुभा मिळते. फुटबॉलच्या पायी तुम्ही नर्सिंगच्या मुलीला कर्जात ढकलताय, असं आमच्या बाई मीटिंगमध्ये स्पष्ट म्हणाल्या होत्या.

तरीही आकडे हलले. अलाबामा विद्यापीठात परराज्यातल्या मुलांसाठीचा आकडा 2015 मध्ये साडेतीन हजारांच्या आतून एकदम पाच हजारांच्या वर गेला. तिथे काय घडलं मला ठाऊक नाही, हिशेब सुधारला असेलही. आमच्याकडे मात्र त्या उन्हाळ्यात अ‍ॅथलेटिक्सवाल्यांचा दोनदा फोन आला, शेजारच्या कॉलेजने प्रवासखर्च कसा काढला ते विचारायला. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत त्यांना विद्यार्थ्यांच्या प्रवासाची काळजी एकदाही वाटली नव्हती.

तिखटमीठ

ऑरेंजवाले साहेब, एवढा मोठा चेक देऊन तुमच्या टेनेसीला मिळालं काय? 2017 मध्ये कॉन्फरन्सचे आठच्या आठ सामने हरले आणि सीझन संपायच्या आत कोच बुच जोन्सना नारळ दिला. अलाबामाचं म्हणाल तर हे चेक सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून उत्तमोत्तम पोरं त्यांच्याच झोळीत पडत होती. निक सेबनसारखा कोच, भरलेलं स्टेडियम, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) गेलेल्या मुलांची रांग. यापुढे दोन हजार डॉलर इकडे-तिकडे म्हणजे लग्नाच्या मांडवात आहेराचं पाकीट मोजण्यासारखं आहे. मोजतात सगळे, पण त्यावरून लग्न ठरत नाही.

ऑरेंजवाला

0-8 ची जखम ओली आहे, मीठ चोळू नका. आयडीच तसा घेतलाय म्हणा तुम्ही.

पण मुद्दा निसटतोय. अलाबामाला जाणारा पोरगा कुठेही अलाबामालाच जाणार. परिणाम बघायचा तो त्याच्या खाली. एखाद्या मुलाकडे बड्या कॉन्फरन्समधल्या शेवटच्या नंबराच्या कॉलेजची एक ऑफर आहे आणि लहान कॉन्फरन्समधल्या चांगल्या कॉलेजची एक. पहिल्याकडे बाकावर बसायचं, दुसऱ्याकडे खेळायला मिळेल. पूर्वी तो दुसरं निवडू शकायचा. आता पहिल्याच्या पत्रात वर्षाला चार हजार जास्त. लहान कॉलेजाने तेवढे द्यायचे म्हटलं तर स्कॉलरशिपवरचे 85 फुटबॉलवाले, शिवाय मुलींच्या संघांना त्याच प्रमाणात, कारण 1972 चा टायटल नाइन कायदा आहे. सगळं मिळून सहज दहा लाख डॉलरच्या घरात. आणायचे कुठून? विद्यार्थ्यांच्या फीमधून. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाने डिसेंबर 2014 मध्ये वाढत्या खर्चापायी फुटबॉल बंदच करायचं जाहीर केलं होतं.

आणि ही मदत आहे, पगार नाही असं म्हणाल, तर व्हर्जिनिया टेकने 2015 मध्ये काय केलं? बेशिस्तीचे दंड खेळाडूंच्या स्टायपेंडमधून कापायचे म्हणून फळ्यावर आकडे लिहिले होते. फोटो बाहेर आला तेव्हा अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने घाईघाईने थांबवलं. दंड कापतात तो पगारच.

बाकावरचा मास्तर

बर्मिंगहॅमचं मतदानाच्या आधी झालं, तारीख बघा. शिवाय सहा महिन्यांत लोकांनी पैसे उभे केले, निर्णय फिरवला आणि 2017 पासून तिथे पुन्हा सामने होतात. पैसे नव्हते असं नाही, पोरांसाठी नव्हते. कोचच्या करारासाठी कमी पडलेले मी तरी पाहिले नाहीत.

दंडाबद्दल सहमत, तो प्रकार लाजिरवाणाच. पण त्यात खोट मालकी दाखवणाऱ्याची. चेकवर खापर कशाला?

लहान कॉलेजकडून मोठ्याकडे पोरं सरकतात, हे होत असणार. ज्याच्या खिशात काही नाही त्याला चार हजाराने फरक पडतो, आणि पडूही दे. बाकावर बसायचं की खेळायचं ते तो ठरवेल.

टेनिसची आई

मध्येच बोलते, रागावू नका. आम्ही पुण्याचे. मुलगी सोळाची, धाकटा चौदाचा, दोघंही टेनिस खेळतात. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, तेव्हापासून आमच्या क्लबमधल्या प्रत्येक आईच्या तोंडी अमेरिका आहे. एका कोचची मेल आलीय, त्यात 'फुल प्लस सीओए' लिहिलंय. ओळखीच्या एका मुलाला मात्र फक्त चाळीस टक्के. हे काय गौडबंगाल आहे? आणि या चेकवर टॅक्स लागतो का?

खतावणी

ताई, आतापर्यंत मुलींच्या टेनिसमध्ये आठ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या. मुलांच्या संघाला साडेचार, त्या सगळ्यांत वाटून. म्हणून मुलाला चाळीस टक्के. ज्याची निम्मी फीच सुटत नाही त्याला वरखर्चाचा चेक कुठला? इथे सगळे फुटबॉलवरून भांडताहेत, पण बहुतेक खेळांमध्ये मुलांच्या वाट्याला हा स्टायपेंड पूर्ण आलाच नाही.

2025-26 पासून ती मर्यादा गेली. खेळाडूंच्या पैशांवरून झालेल्या खटल्यातली तडजोड ज्या कॉलेजांनी स्वीकारली, त्यांना आता संघात किती खेळाडू एवढीच मर्यादा. स्कॉलरशिप कितीही द्या. फुटबॉल 85 स्कॉलरशिपवरून 105 खेळाडूंवर. त्यावर खेळाडूंना थेट वाटायला पहिल्या वर्षी कॉलेजमागे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत मुभा. त्यातले बहुतेक फुटबॉल-बास्केटबॉलला जाणार. टेनिसला तेवढा चेक मिळाला तरी नशीब समजा.

टॅक्स लागतो. फी आणि पुस्तकांवर नाही, पण राहणं, जेवण आणि हा चेक यांवर. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावाल्यांचे 14 टक्के आधीच कापतात. भारताशी असलेल्या करारामुळे रिटर्न भरताना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यातून काही परत मिळतं. रिटर्न भरायला विसरू नका. आणि कोचला 'सीओए किती' विचारू नका, 'हातात किती' विचारा.

टेनिसची आई

आभार! मुलगी म्हणते, आई तू विचारू नकोस, लाज वाटते, मीच विचारेन.

तिखटमीठ

ऑरेंजवाले, तो भाचा पुढे काय झाला ते राहिलंच.

ऑरेंजवाला

दुसऱ्या सीझनला गुडघा गेला. खेळ संपला. स्कॉलरशिप आणि चेक मात्र डिग्रीपर्यंत चालू राहिले, कारण 2015 च्या त्याच बैठकीत हेही ठरलं होतं की खेळाच्या कारणावरून स्कॉलरशिप काढायची नाही. सध्या तो इथून तासाभरावर शाळेत गणित शिकवतो. मावशी तो कागद फेकायला तयार नाही. माझं मत बदललंय असं समजू नका, मास्तर.