मदत हवी आहे: पाटणच्या शाळेत भूकंपमापक नेमका कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेत मुलांसाठी छोटा भूकंपमापक सुरू करतोय. ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारा सेन्सर), रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि इंटरनेट, एवढाच पसारा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मुलं घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकतात. आजही तावदानं थरथरली की अख्खा वर्ग गप्प होतो. तो धक्का मुलांनी स्वतः मोजावा, अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण जागेची आहे. सध्या यंत्र प्रयोगशाळेच्या फरशीवर आहे. पाण्याची मोटर सुरू झाली की पडद्यावर सलग जाड पट्टा उमटतो, एसटी गेली की फुगवटा. दीड तीव्रतेचा धक्का यात पार बुडून जाईल. मैदानामागे काळा कातळ उघडा आहे. त्यावर थेट सिमेंटचा चौथरा बांधून वर झाकण करावं का? इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, पाणी कसं अडवायचं?

दुसरं म्हणजे वेळ. धक्क्याच्या आधी पोहोचणाऱ्या पी आणि मागून येणाऱ्या एस लहरींमधल्या सेकंदांना आठने गुणलं की धक्क्याचं अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळतं, ते एका यंत्रावर जमेल. केंद्र शोधायला मात्र किमान तीन ठिकाणच्या नोंदी हव्यात आणि तिन्ही घड्याळं जुळायला हवीत. नेटवरून वेळ जुळवावी तर नेट सारखं जातं, मग अचूक वेळेसाठी जीपीएस घ्यावाच लागेल ना? कोयनानगर, ढेबेवाडी, मोरगिरीकडचे कुणी शिक्षक सोबत यंत्र बसवायला तयार असतील तर जरूर कळवा.