आरतीला उभं राहणं ढोंग नव्हे

'नास्तिकाने घरच्या आरतीला उभं राहणं म्हणजे ढोंग' हे मत मला पटत नाही. मी देव मानत नाही, तरी गणपतीत आईला मोदक वळू लागतो, आरतीला टाळ्याही वाजवतो. ती माझी माणसं आहेत म्हणून. सत्यनारायणाला जोडीने बसायला मात्र नकार दिला. आईने दोन दिवस अबोला धरला, मग भावाला बसवलं. प्रसाद पहिला मलाच दिला.

आपला विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असं अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर कायम सांगायचे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा आईचा रडवेला फोन आला, "बाहेर जपून बोलत जा रे."