मदत हवी आहे: खाऱ्या वाऱ्यात टिकणारं छप्पर

हर्णैला घर, समुद्र जेमतेम ३०० मीटरवर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात मंगलोरी कौलं उडाली, म्हणून लोखंडी पाइपांवर रंगीत पत्रे घातले. आता प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढा गंजाचा डाग आहे, बोट लावलं की पापुद्रा सुटतो. घासून रेडऑक्साइड दोनदा मारलं. एका पावसात पुन्हा तेच.

भिंती जुन्या, जांभ्याच्या, मातीत रचलेल्या, त्यामुळे स्लॅब नको. कौलं मला मनापासून आवडतात, पण वानरं ती ठेवत नाहीत. सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसच्या भीतीने नकोत.

ॲल्युमिनियमचे पत्रे घालावेत असं वाटतंय. पाइप तेच ठेवले तर लोखंडाला टेकतील तिथे ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत झिजेल ना? मध्ये रबराची पट्टी आणि स्टेनलेस स्क्रू पुरतील का? किनाऱ्यालगत पाच-सहा पावसाळे काढलेल्यांनी पत्र्याची जाडी किती घेतली होती?